बापूसाहेबांच्या घरची पत्रिका क्लाउडवर जाते

क्लाउड समजायला मला अर्धी दुपारही लागली नाही. ज्याने बालपणी व्याकरणाची सूत्रे घोकली, त्याला दुसऱ्याच्या घरी आपले सामान ठेवणे म्हणजे काय, हे कळायला कितीसा अवकाश? शिरूरच्या आमच्या छापखान्याचे सारे काम तिकडे जाणार होते. छापखाना माझा पुतण्या सुदर्शन चालवतो. त्याला मी सांगितले, "तू निश्चिंत राहा. मी आहे."

शाळेतल्या शिक्षकीतून निवृत्त झाल्यावर मी तेथे लग्नपत्रिकांची प्रुफे तपासतो. कटिंग मशीनशेजारच्या टेबलाखाली आमचा जुना सर्व्हर बसलेला असे. शिरूर-दौंडकडच्या कितीतरी घराण्यांच्या पत्रिका त्याच्या पोटात होत्या. थोरल्याची पत्रिका उघडायची, नावे बदलायची, की धाकट्याचे लग्न ठरले. दसऱ्याला त्यालाही झेंडूची माळ पडे. त्याची घरघर थांबली की घरातले वडील माणूस एकाएकी अबोल झाल्यासारखे वाटे. त्याला निरोप देताना मी अक्षता हाती घेतल्या, तेव्हा सुदर्शन हळूच म्हणाला, "काका, तेवढं 'पुनरागमनाय च' म्हणू नका. लई छळलंय त्यानं."

क्लाउडवरची पहिली पत्रिका वडगाव रासाईच्या बापूसाहेबांच्या नातीची, धनश्रीची. नवरदेव सत्यजीत दौंडचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामदैवतापुढे पहिली पत्रिका ठेवायची होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत छपाई व्हायलाच हवी होती. ती चुकली असती, तर पिढ्यानपिढ्या आमच्याकडे येणारे ते घराणे पुन्हा आमची पायरी चढले नसते.

पूर्वी प्रूफ पाहायला सारी भावकी जीपमधून येई. चहा होई. कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून कुरबुर होई. शेवटी सर्वांत वृद्ध गृहस्थ कागदावर बोट टेकवून म्हणत, "असू द्या असंच," आणि वाद मिटे. आता मात्र केवळ एक लिंक पाठवायची होती.

सुदर्शन कागद आणायला गेला होता. यंत्राने मला विचारले, बापूसाहेबांना पत्रिका नुसती पाहू द्यावी, की बदलूही द्यावी? ज्याच्या घरचे कार्य, त्या यजमानाला "पाहा, पण हात लावू नका" असे सांगणे मला अत्यंत अशिष्ट वाटले. मी पूर्ण अधिकार दिला. बापूसाहेबांचेही मन मोठे. त्यांनी ती लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली.

प्रथम पत्रिकेतल्या 'व्यवस्थापक' या यादीत एक नाव वाढले. मग एक आडनाव दिसले आणि पाठोपाठ त्याचे सारे कुटुंब आले. इतक्यात पाटसचे हौसराव, म्हणजे वधूचे मामा, यादीच्या तळातून वर सरकू लागले. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीसारखे, सावकाश, पण कोणालाही बाजू न देता. चुलत्यांनी त्यांना खाली ओढले. ते पुन्हा वर आले.

मी फोन लावला. "हौसराव, कृपया क्षणभर थांबावे."

"गुरुजी, मी पोरीचा मामा हाय. आन् माझं नाव मंडपवाल्याच्या खाली?"

"मंडपवाल्याचे नाव पत्रिकेत नव्हते."

"आता हाय. त्यानं सोताच घातलंय."

मी बापूसाहेबांना गाठले. ते तृप्त स्वरात म्हणाले, "घालू द्या की, गुरुजी. पयल्यांदाच समद्यांच्या मनासारखं व्हतंय. तेबी बसल्या जागी."

सुदर्शन परतला तोवर पत्रिकेला दुसरे पान फुटले होते. तो खुर्ची ओढून बसला. "काका, हे कुणी केलं?"

"लोकांनी," मी म्हणालो. ते असत्य नव्हते.

त्याने सर्वांचे अधिकार काढून घेतले आणि आम्ही घाईघाईने छाटणीस बसलो. तो अक्षरे लहान करीत होता, मी दोनदा आलेली नावे शोधून एकेकदा पुसत होतो. बहिणींनी 'स्वागतोत्सुक' मुलींच्या यादीत धनश्रीलाही बसवले होते. वधूने का स्वतःच्या लग्नात दारात उभे राहून गुलाबपाणी शिंपडायचे? मी तेही नाव एकदा काढले. पत्रिका पुन्हा ग्रुपवर गेली. प्रत्येकाने आपापले नाव पाहिले आणि 'ओके' कळवले. छपाई झाली.

संध्याकाळी बापूसाहेब नातीला घेऊन आले. तिने उभ्याउभ्याच पत्रिका वाचली.

"आजोबा आहेत, मामा आहेत, मंडपवालापण आहे," ती म्हणाली. "पण गुरुजी, नवरदेवाचं लग्न कुणाशी लावताय?"

'चि. सत्यजीत आणि' यापुढे शुभ्र मोकळी जागा होती. खाली मुलींच्या यादीत मात्र धनश्री हसतमुखाने पाहुण्यांच्या स्वागतास उभी होती.

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी गठ्ठ्यातली एकच पत्रिका उचलली. "देवाला ही चालंल. नवरी कोन, त्येला ठावं हाय. बाकीच्या उद्या छापून द्या." धनश्रीने माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि मोकळ्या जागेत आपले नाव स्वतः लिहिले. अक्षर सुरेख होते.

ती मंडळी गेल्यावर मी सुदर्शनला म्हणालो, "भावकीतल्याच कोणाचा तरी हा अविचार."

"बघू की," असे म्हणून त्याने एक कळ दाबली. कोणते नाव केव्हा, कोणी पुसले, हे क्लाउडने क्षणात दाखवले. सुदर्शन नुसता चहा सांगायला उठून गेला.

जुन्या सर्व्हरने इतक्या वर्षांत अशी चहाडी कधी केली नव्हती.