शरयूच्या हाताखालचं घर

टाच न उचलता पोराचा हात जिथवर पोचतो, तिथवरचं घर पोराचं, असा या गावचा नियम आहे. वर्षातून एकदा नगरपालिकेचा मोजणीदार येतो, भिंतीवर गेरूची रेघ ओढतो, चहा पितो आणि जातो. रेघेच्या वरचं मोठ्यांचं, खालचं पोराचं. यात भांडायला जागाच नाही.

जयमालाच्या घरी गेल्या साली रेघ माठाच्या तोंडाशी आली आणि माठ शरयूकडे गेला. शरयू तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. पहिले काही दिवस घरात नुसतं तळं. जयमाला फडकं घेऊन धावली, तर पोरगी म्हणाली, "मला न विचारता पुसू नकोस." बरोबरच होतं. फरशी तिची, तर सांडलेलं पाणीही तिचंच. जयमालानं फडकं तिच्या हातात दिलं आणि ओट्याला टेकून बघत राहिली. पोरीनं निम्मं पुसलं, निम्मं पसरवलं. दुसऱ्या दिवशी कमी पसरवलं. दिवाळी येईतो ती पेल्याच्या काठाच्या आत बोट धरून पाणी ओतायला लागली. बोट ओलं झालं की हात थांबायचा. हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं.

जेवायचे पाटही खालचे. नवरा विलास गॅरेजातून आला की पाटापाशी उभा राहायचा.

"बसू का, शरूबाई?"

"हात दाखव."

तो दाखवायचा. पोरगी उलटसुलट करून बघायची. "नखात काळं आहे. परत धू."

जयमाला त्याला लग्नापासून हेच सांगत आली होती. तिचं त्यानं कधी ऐकलं नाही.

"पोरीला डोक्यावर बसवलीय तुम्ही," सासूबाई म्हणायच्या.

"डोक्यावर कुठं, आत्ती? रेघेखालीच तर आहे."

तरी जयमालाला एक धास्ती होतीच. दाराची कडी. यंदा रेघ कडीला लागणार हे दिसत होतं, आणि दाराबाहेर सरळ रस्ता, उसाच्या ट्रॅक्टरांचा. अशा वेळी मोजणीआधी सुतार बोलावून कडी वर चढवायची, अशी गल्लीत चालच आहे. शेजारच्या हौसाबाईंची कडी चढत चढत आढ्याला गेलीय. त्यांचा मिसरूड फुटलेला लेक अजून आईला हाक मारतो आणि आई शिडी लावते. सासूबाई रोज सुताराची आठवण करायच्या. जयमाला उद्या म्हणायची, आणि उद्या गेला की परवा म्हणायची. तेवढ्यात मोजणीदार लोखंडे दारात उभे राहिले.

शरयू पाठ दाराला लावून ताठ उभी राहिली. हात वर गेला आणि बोटांची टोकं कडीच्या जरा वर टेकली.

"कडी आली," लोखंडे म्हणाले.

"टाच उचलली तिनं!" सासूबाई ओरडल्या. "मी बघितली."

लोखंडेंनी गेरूचा खडा थांबवला. "मी वर बघत होतो. खालचं घरच्यांनी बघायचं असतं. आई कोण? तुम्ही सांगा, बाई. उचलली असली तर कडी पुढच्या सालावर."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. फळीवरची भांडी थरथरली. जयमाला मोजणीभर उकिडवी बसून त्या टाचांकडेच बघत होती. एक शब्द बोलली असती तर वर्षभर सुखानं झोपली असती. पोरगी मात्र आईकडे बघतही नव्हती. हात तसाच वर. मोजणीदारानं सांगितल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, एवढं तिला ठाऊक होतं.

"फरशीला चिकटून होत्या टाचा," जयमाला म्हणाली. "खालून मुंगी गेली नसती."

"अगं, बाहेर ट्रॅक्टर..."

"रस्ता कसा बघायचा ते मी शिकवलंय तिला, आत्ती. तुम्ही मला खोटं बोलायला शिकवू नका."

लोखंडेंनी कडीच्या वरून रेघ ओढली, चहा प्यायले आणि गेले. विलास घरी आला तेव्हा शरयूनं कडी काढून त्याला आत घेतलं आणि लगेच परत लावली.

संध्याकाळी जयमाला दळणाचा डबा कमरेवर घेऊन दारापाशी आली. सवयीनं हात कडीकडे गेला. रेघ दिसली, तसा तिनं तो मागे घेतला.

"शरू, जाऊ का?"

"कुठं?"

"गिरणीत."

"कधी येणार?"

"दळण झालं की लगेच."

शरयूनं विचार केला. "कडेकडेनं जा. ट्रॅक्टर आला तर थांब. तो जाईतो हलायचं नाही."

"बरं."

पोरीनं टाच न उचलता कडी काढली. जयमाला उंबरा ओलांडून बाहेर आली, दोन्हीकडे बघितलं आणि कडेकडेनं चालायला लागली. मागं कडी लागल्याचा आवाज आला.

देवळात भजनाची वेळ झाली होती. सासूबाई चपला घालून दाराशी तयार उभ्या होत्या. त्या आतच राहिल्या. त्यांनी अजून विचारलं नव्हतं.