उभ्याने वाजवायचा बँड

"सत्तर सालापासून आजपर्यंतचं कोणतंबी गाणं सांग पोरी, बठ्ठं वाजाडसू! झोपेतबी वाजाडसू!"

धरणगावच्या बँडमास्तर झुलालभाऊने छातीवर असा हात मारला की खिशातली तंबाखूची डबी वाजली. तीसुद्धा तालात!

ममता मात्र हसली नाही. त्याची ही पोरगी जळगावला मावशीकडे राहून बारावी शिकत होती. "वडील काय करतात?" असं कोणी विचारलं की "म्युझिकमध्ये आहेत" म्हणायची आणि पटकन केमिस्ट्रीवर यायची. पण तिच्या मैत्रिणीला, मंतशाला, एक खूळ सुचलं. दशकांची डान्स पार्टी! कोणी सत्तरचं दशक बनून यायचं, कोणी ऐंशीचं, कोणी नव्वदचं, आणि त्या त्या काळाच्या गाण्यांवर नाचायचं.

मंतशा म्हणाली, "सत्तर साली डीजे कुठे होता? आपल्याला खरा बँड पाहिजे!"

आणि ममताच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आबांचा आहे."

दीड वर्ष दाबून ठेवलेली गोष्ट! आता पोरीची सगळी इज्जत बापाच्या ट्रंपेटवर टांगलेली.

"आबा, एकच सांगते. लग्नासारखं नको. एका जागी उभं राहून वाजवायचं."

"अवं, उभा राहीसन काय, डोक्यावर उभा राहीसन वाजाडतो! तुझी मान खाली जाणार नाही, हा झुलालचा शब्द!"

शनिवारी संध्याकाळी मंतशाच्या बंगल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटात बँड उभा राहिला. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरे. समोर तीसेक पोरं. कोणी आजोबांचा सफारी घातलेला, कोणाच्या बेलबॉटममध्ये कोंबडी पिल्लांसकट राहील एवढी जागा! मंतशाने केस एवढे फुगवले होते की वर कावळ्याने संसार थाटला असता.

"वाजवा रे!" झुलालभाऊने ट्रंपेट तोंडाला लावला आणि सत्तरचं दशक सुरू झालं. झालं म्हणजे, लंगडायला लागलं. ढोल एकीकडे, झांज दुसरीकडे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ममताचा चेहरा पडला.

"असलम, काय करी राह्यना तू?" झुलालभाऊ ढोलवाल्यावर खेकसला.

"भाऊ, जनम गेला चालून वाजवण्यात. पाय थांबले का हात थांबतात! मी काय करू?"

खोटं नव्हतं. झुलालभाऊच्याही पोटऱ्यांत वळवळ चालली होती.

"बरं, जागच्या जागी गोल फिरा. पण प्लॉटाच्या बाहेर पाय टाकाल तर तंगडं मोडीन!"

बँड फिरायला लागला आणि काय सांगू, ताल असा धरला की बंगल्याच्या काचा थरथरल्या! पोरं पेटली. बँडच्या पुढे, तोंड बँडकडे करून, उलटी उलटी नाचायला लागली. आता गोल फिरणाऱ्या बँडला पुढे नाचणारी माणसं दिसली की तो गोल राहतो का? तो सरळ होतो! सत्तरचं दशक प्लॉटात संपलं. ऐंशीचं गेटाबाहेर गेलं. नव्वदचं थेट मोठ्या रस्त्याला लागलं.

ममता दोन्ही हात हलवून ओरडत होती, "आबा, थांबा! मागे फिरा!"

पितळी बँडच्या पोटात कोणाला काय ऐकू येणार? झुलालभाऊला हलणारे हात दिसले. पोरगी खूश आहे, आणखी जोरात मागते आहे! त्याने गाल फुगवले आणि असा सूर काढला की समोरचा केळीचा ट्रक बाजूला झाला.

आणि तेवढ्यात दिसलं मंगल कार्यालय. लायटिंग, कमान, दारात आरतीचं ताट घेतलेल्या बाया. बँडच्या पायांना हुकूम लागत नाही. सरळ तिकडे!

"आली, आली! वरात आली!" नवरीची आई कुंदाबाई ओरडली. पोरांचे कपडे बघून ती क्षणभर थबकली, पण लगेच शेजारणीला म्हणाली, "हल्ली वरातीतबी थीम राहस, माय!" मग झुलालभाऊला विचारलं, "नवरदेव मागे शे ना?"

तोंडात ट्रंपेट. आणि लग्नात बाई काही विचारते तेव्हा बँडवाल्याने मान हलवायची, हा धंद्याचा रिवाज. झुलालभाऊने मान हलवली.

खलास! पोरांच्या कपाळाला कुंकू लागलं, अंगावर अत्तर उडालं. "नाचून नाचून दमली लेकरं, पहिल्या पंगतीला बसवा!" ममता "अहो काकू, आम्ही..." म्हणेपर्यंत तिच्या पानात बट्टी पडली, बट्टीवर वरण पडलं आणि वरणावर तुपाची धार! शेजारी मंतशा घोटलेल्या वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागत होती.

बट्ट्यांची परात तळाला गेली आणि बाहेर दुसरा बँड वाजला. खरी वरात! घोड्यावर खरा नवरदेव! आणि घोड्याच्या पुढे नवरदेवाचा काका, मिशा घोड्याच्या शेपटीएवढ्या.

"आमच्या आधी पंगत कोणाची बसली?" काका गरजला. "आणि हाऊ बँड कोणा शे?"

नवरीकडचे म्हणाले, आमचा नाही. नवऱ्याकडचे म्हणाले, आमचाही नाही. सगळा मांडव झुलालभाऊकडे बघायला लागला. त्याला वाटलं, ढोलाचं कातडं फाडावं आणि आत जाऊन बसावं. सोनेरी झालर अंगाला काट्यासारखी टोचायला लागली. शब्द दिला होता पोरीला, आणि पोरीला फुकटखाऊ करून पंगतीत बसवलं! कॉलेजात आता काय तोंड दाखवेल ती? त्याने मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. मनात म्हणाला, गप बस पोरी. ओळख देऊ नको. मी खातो शिव्या.

"अरे बोल ना! कोणाचा तू?"

मागून पत्रावळ सरकल्याचा आवाज आला. हातात अर्धी बट्टी, कपाळावर कुंकू, ममता उभी होती.

"माझे आबा आहेत ते. बँड आमचा आहे."

मंतशाचा घास तोंडातच राहिला. झुलालभाऊचे डोळे असे भरून आले की पुढचं काही दिसेना. त्याने खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले.

आणि घोळ इथेच झाला! कारण मास्तरने रुमालाने डोळे पुसले की पाठवणीची धून धरायची, ही त्यांच्या बँडची वर्षानुवर्षांची खूण. असलम इमानदार माणूस. त्याने ढोलावर हळूच टिपरी टेकवली आणि सगळ्या बँडने असा काही रडका सूर लावला की दगडाला पाझर फुटावा!

कुंदाबाईने हंबरडा फोडला. मावश्या, आत्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आत खोलीत नवरी ओक्साबोक्शी रडायला लागली, तिचं काजळ हनुवटीपर्यंत आलं. अजून अंतरपाटही धरला नव्हता! घोड्यावरचा नवरदेव घाबरून विचारत होता, "काका, मना बिगर लगीन लागी गयं का?"

झुलालभाऊ दोन्ही हातांनी "बंद करा! बंद करा!" करत होता. बँड समजला, मास्तरला आणखी जोरात पाहिजे.

काकाने कपाळाचा घाम पुसला आणि ममताकडे वळून विचारलं, "पोरी, खरं सांग. हाऊ खरंच तुझा बाप शे?"

ममताने बापाकडे पाहिलं. रडणाऱ्या मांडवाकडे पाहिलं. मग हातातली बट्टी हळूच पानात ठेवून म्हणाली,

"म्हणजे... दूरच्या नात्यातले वडील आहेत."