बाई खाली बसल्या त्याची गोष्ट

जमिनीवर बसायचं आणि कशालाही हात न लावता उठायचं, एवढीच परीक्षा होती. बाई फोनवर लेकीला म्हणाल्या, "एवढंच? अगं, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ." मग हात लावायचा नाही हे आठवून त्यांनी "डाव्या पायाचा" अशी दुरुस्ती केली आणि फोन ठेवला.

बाई म्हणजे शाळेतल्या व्यायामाच्या बाई. एकतीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकून त्यांनी पोरांना बसवलं, उठवलं आणि पळवलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी पोक काढून चालताना दिसला की त्या हाक मारून त्याला सरळ करत. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते मैदान दिसे. सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभं राहायचं आणि नवीन बाई पोरांना किती चुकीचं शिकवतात यावर चरफडायचं, हा त्यांचा नित्यनेम. त्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखाच वाटत नसे.

लेकीचं म्हणणं असं, की आईने आता जिने सोडावेत आणि तिच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला यावं. लेक औषधांच्या दुकानात कामाला, पन्नाशीला टेकलेली, दिवसभर काउंटरमागे उभी. आठवड्यातून दोनदा ती भाजी आणि गोळ्या घेऊन यायची, दारातच दम खायची आणि पहिलं वाक्य म्हणायची, "आई, हे जिने." दुसरं वाक्य तिच्या घरातल्या मागच्या खोलीबद्दल असे. ती खोली बाईंनी एकदा पाहिली होती. तिथे एक वॉशिंग मशीन होतं आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्यांची भिंत. भिंत सरळ होती, एवढीच तिची जमेची बाजू.

वाद विकोपाला गेला तो दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांमुळे. मास्तरांच्या दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर एक कुंडी होती. बाई येता-जाता तिथे थांबून पाच-पाच मिनिटं कुंडी बघत असतात, असं मास्तर लेकीजवळ बोलून गेले. मास्तरांच्या मनात पाप नव्हतं. पण त्यांच्या पोटात काही राहतही नसे. लेकीने विचारलं तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "मला झाडांची आवड आहे." लेकीने तडक रविवारी अकरा वाजता फिजिओथेरपिस्ट बोलावला. आई पास झाली तर जिन्याचा विषय कायमचा बंद. नापास झाली तर महिनाअखेर सामान बांधायचं.

हा फिजिओथेरपिस्ट बाईंचाच विद्यार्थी निघाला. आता चाळिशीचा होता, पोट सुटलं होतं. शाळेत त्याने पाचवीपासून दहावीपर्यंत दर आठवड्याला पोटदुखीच्या चिठ्ठ्या आणून व्यायामाचा तास चुकवला होता. तोच आता लोकांना व्यायाम सांगून पोट भरत होता. बाईंना वाटलं, घरचीच माणसं परीक्षक म्हणजे पेपर सोपाच.

रविवारी दहा वाजता बाईंनी रंगीत तालीम घ्यायची ठरवली. त्यांनी खुर्च्या आणि टेबल भिंतीला सरकवलं आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी ऐसपैस जागा केली. बेल वाजली तर धावपळ नको म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं. मोबाइल फळीवर ठेवला. मग पाय जुळवले, पाठ ताठ केली आणि स्वतःलाच हुकूम सोडला, "खाली बस."

बाई बसल्या. शेवटचा वीतभर भाग जरा लवकरच झाला, पण बसल्या. शाळेत असत्या तर स्वतःला दहापैकी आठ गुण दिले असते. गेल्या सहा वर्षांत त्या जमिनीवर बसल्याच नव्हत्या, म्हणून आपल्याला तिथून उठता येत नाही हे त्यांना माहीत व्हायचा प्रश्नच आला नव्हता.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

काही झालं नाही. हुकूम डोक्यातून निघाला, कमरेपर्यंत पोहोचला आणि गुडघ्यांनी तो सही न करता परत पाठवला. बाईंनी पुढे झुकून पाहिलं, मागे रेलून पाहिलं. एका कुशीवर वळल्या, तर परत येताना फार कष्ट पडले. हात टेकायचा नाही हा नियम त्यांनी दोन मिनिटांत मोडीत काढला. पण टेकायला काही होतंच कुठे? खुर्च्या त्यांनी स्वतःच भिंतीला नेऊन लावल्या होत्या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, फक्त इथे पायही आधीच गेले होते. हाताशी होता तो कपाटाचा सगळ्यात खालचा खण, आणि त्याला धरून ओढलं की तोच बाहेर येत होता.

तेवढ्यात दार ढकलून टेलरमास्तर आत आले. बाईंच्या पँटला नवीन इलॅस्टिक घालून आणलं होतं. पेपरात गुंडाळलेली पँट हातात धरून ते खाली बघतच राहिले.

बाईंच्या डोक्यात वीज चमकली. मास्तरांचा हात धरून उठणं सोपं होतं. पण मास्तर त्यांचा मजला गाठायच्या आत ही बातमी लेकीपर्यंत पोहोचली असती. म्हणून त्यांनी उघडा खण पुढे ओढला आणि जुने फोटो जमिनीवर मांडायला सुरुवात केली.

"खण आवरतेय," त्या म्हणाल्या. "उभे का? बसा ना."

मास्तर भिडस्त. बाईंनी बसा म्हटल्यावर त्यांच्या गल्लीत कुणी उभं राहत नसे. ते बसले, बसताना त्यांच्या अंगातून दोन आवाज आले आणि दोघांनीही ते ऐकले नाहीत. दहा मिनिटं फोटो पाहून झाले. मग मास्तर म्हणाले, निघतो. आणि निघाले नाहीत. त्यांनी एकदा उजवीकडे जोर लावला, एकदा डावीकडे, आणि घाम पुसून पुन्हा एक फोटो उचलला. तो त्यांनी मघाशी दोनदा पाहिला होता.

"मास्तर, उठता येत नाही ना?"

"छे हो. फोटो छान आहेत." मग थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "तुम्हालाही?"

बाईंनी मान हलवली. त्यानंतर दोघांमध्ये तह झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर बाईंचं सांगणार नाहीत, बाई मास्तरांचं सांगणार नाहीत, आणि जो आधी उठेल तो दुसऱ्याला खुर्ची आणून देईल. तह उत्तम होता. फक्त तो अमलात आणायला दोघांपैकी एकाने तरी उठणं भाग होतं.

साडेदहाला लेक आली. अर्धा तास लवकर. दारात उभी राहून दम खाताना तिने आईला मास्तरांबरोबर फोटोंच्या पसाऱ्यात मांडी घालून बसलेलं पाहिलं आणि तिचे डोळेच विस्फारले.

"आई, तू खाली बसलीस?"

"मग? रोजच बसते," बाई म्हणाल्या. मास्तर फोटोत तोंड खुपसून होते. लेक जवळ आली तर काहीतरी विचारील, काहीतरी उचलायला लावील, म्हणून बाईंनी तिला गुंतवायचं ठरवलं. तिसरीतल्या धावण्याच्या शर्यतीचा फोटो त्यांनी वर केला, पण हातात दिला नाही. लेक सगळ्यांच्या पुढे, वेण्या मागे उडालेल्या, आणि कडेला शिट्टी विसरून दोन्ही हात वर करून ओरडणाऱ्या बाई. "ये, बसून बघ."

लेक आईच्या खांद्याला धरून हळूहळू खाली आली आणि शेजारी टेकली. टेकताच कापरासारखा एक उग्र वास आला. हा तर आपल्याच मलमाचा वास, बाईंनी लगेच ओळखलं. गुडघ्यांच्या त्या मलमाची ट्यूब त्या दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानातून आणत, लेकीच्या दुकानातून घेतली तर पितळ उघडं पडेल म्हणून. पण आज परीक्षकाला वास येऊ नये म्हणून त्यांनी मलम लावलंच नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे नाक वळवलं. मास्तरांच्या अंगाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक फोटो बघत होती आणि एका हाताने गुडघा दाबत होती.

बाईंनी शर्यतीचा फोटो तिच्या हातात दिला.

बरोबर अकराला फिजिओथेरपिस्ट आला. तीन माणसं आधीच खाली बसलेली पाहून त्याला फार आनंद झाला. अर्धी परीक्षा झालीच आहे, आता एकेकाने उठून दाखवा, असं तो म्हणाला आणि एक खुर्ची ओढून समोर बसला. कुणीच हललं नाही. बाई म्हणाल्या, आधी लहानांची घे. लेक म्हणाली, परीक्षा आईची आहे. दोघी म्हणाल्या, मग मास्तरांची घे, ते पाहुणे. मास्तर म्हणाले, मी फक्त पँट द्यायला आलोय.

शेवटी बाईंनी चेहरा पाडला. "अरे, आज राहू दे. माझं पोट दुखतंय."

तो पंचवीस वर्षं याच क्षणाची वाट बघत असावा. त्याने हात पुढे केला. "चिठ्ठी आणलीय का, बाई?"

मास्तरांना हसू आवरेना. बाईंनाही आलं असतं. पण त्यांचं लक्ष लेकीकडे होतं. लेक हसत नव्हती. ती उठायचा प्रयत्न करत होती, आईला दाखवून द्यायला, आणि अर्ध्यावरून परत खाली येत होती. तिसऱ्या वेळी ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते फोटोत लपवत होती.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"दीड वर्ष," लेक म्हणाली. "दुकानात उभं राहून राहून. मी रोज लोकांना हेच मलम विकते, आई. तुझा जिना चढवत नाही मला. दर वेळी वाटतं, आज नाहीच पोहोचणार. पण माझे गुडघे दुखतात असं पंच्याहत्तरीला आलेल्या आईला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून तुझ्या गुडघ्यांवर ढकललं."

मास्तरांचा तह एकट्या बाईंशीच झाला होता. ते म्हणाले, "ताईपण थांबतात हो कुंडीपाशी. तुमच्यापेक्षा जास्त वेळ. आणि त्यात झाड तरी कुठाय? वाळून वर्ष झालं त्याला. मला आपलं वाटायचं, दोघींना वाळकी झाडं आवडतात."

बाईंना एकदम फार वाईट वाटलं. जी पोर सगळ्यांना मागे टाकून पळत होती, तिचे गुडघे त्यांच्यासाठी भाजी आणता आणता झिजत होते. आणि एकतीस वर्षं पोरांच्या चालीवरून कुणाचा पाय मुरगळलाय ते ओळखणाऱ्या बाईंना घरातल्या पोरीची चाल दिसली नाही, कारण त्या स्वतःची लपवण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी लेकीचा हात गुडघ्यावरून काढला आणि तिथे आपला ठेवला.

"वेडी आहेस," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांसाठी मी मेले तरी ही खिडकी सोडली नसती. तुझ्या गुडघ्यांसाठी आज सोडते. बांध सामान."

यावर लेक खरोखरीची रडली आणि नाही म्हणाली. तिला ती मागची खोली माहीत होती, आणि ती खिडकीही. फिजिओथेरपिस्ट मध्ये पडला. सामान कुणीच बांधायचं नाही. तिघांनी तीन महिने रोज व्यायाम करायचा आणि मग पुन्हा परीक्षा. चिठ्ठ्या चालणार नाहीत. मग त्याने खुर्ची मध्ये आणून ठेवली आणि रीत शिकवली: आधी ओणवं व्हायचं, मग एक पाय पुढे, मग दोन्ही हात खुर्चीवर. बाई लेकीच्या खांद्यावर भार देऊन उठल्या, लेक बाईंच्या दंडाला धरून उठली. मास्तरांना उठवायला तिघं लागले. जाताना त्याने वहीत लिहिलं, तिघांची प्रगती समाधानकारक. बाईंनी तो शेरा त्यालाच कित्येक वर्षं दिला होता.

पुढच्या परीक्षेपर्यंतचा तोडगा बाईंनीच काढला. लेकीने दोनच मजले चढायचे, बाईंनी एकच उतरायचा, आणि मास्तरांच्या दाराशी कुंडीपाशी भेटायचं. भाजी-गोळ्यांची पिशवी बाई दोरीने खिडकीतून वर ओढून घेतील. मास्तरांनी आपली दोन जुनी स्टुलं तिथे मांडून दिली आणि कुंडीतलं वाळकं झाड काढून नवीन रोप लावलं.

पहिल्याच बुधवारी मायलेकी तिथे तासभर बसल्या. इतक्या निवांत गप्पा दोघींनी कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या. कुणी कुणापासून दम लपवत नव्हतं, कुणी जिन्याचं नाव काढत नव्हतं. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा लेक म्हणाली, निघते. बाई म्हणाल्या, नीघ. दोघी बसूनच राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की मास्तरांची स्टुलं फारच बुटकी आहेत.

"आधी तू," बाई म्हणाल्या.

"आधी मोठी माणसं," लेक म्हणाली.

शेवटी बाईंनी आवाज चढवून दारातून हाक मारली, "अहो मास्तर, जरा बाहेर येता का? हात द्या."

आतून मास्तरांचा पडेल आवाज आला.

"आलो असतो हो बाई. पण बटण पडलं होतं, ते शोधायला मी आत्ताच खाली बसलोय."