मुकादम सरांचा हत्ती

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. मुकादम सर लिफ्टसमोर उभे होते. दार उघडलं. सरांनी आत हात घालून सातव्या मजल्याचं बटण दाबलं आणि हात चटकन बाहेर घेतला. लिफ्ट रिकामीच वर गेली. ती सुखरूप परत आल्यावर सर तिच्यात चढले.

"ये बाय," ते मला म्हणाले, "आता टेस्टेड आहे."

अबू धाबीतल्या आमच्या प्रयोगशाळेत बुद्धिबळासारख्या पटावरच्या खेळांवर संशोधन चालतं. समोरचा आपल्याला सर्वांत घातक ठरेल अशीच चाल खेळणार, हे गृहीत धरून संगणकाने आपली चाल निवडायची, हे या शाखेचं मूळ तत्त्व. इतर संशोधक संध्याकाळी ते ऑफिसातच ठेवून घरी जातात. सर मात्र ते खलिफा सिटीतल्या आपल्या फ्लॅटपर्यंत नेतात. दुबईच्या रस्त्यावर ते मधली लेन सोडत नाहीत. डावीकडचा उडवणार आणि उजवीकडचा मध्ये घुसणार, हे त्यांच्या लेखी ठरलेलं असतं. त्यांच्या पासपोर्टच्या प्रती गाडीत आहेत, फ्रिजवर आहेत आणि माझ्या ड्रॉवरमध्येही आहेत. कुणी हसलं की उत्तर एकच : "समोरचा झोपलेला नसतो." हा समोरचा कोण, ते सर कधी सांगत नाहीत.

मी पुराव्यावर विश्वास ठेवणारी. तरीही सरांच्या हाताखाली काम करू लागल्यापासून मी गॅस दोनदा तपासते आणि लिफ्टमध्ये श्वास रोखून उभी राहते.

त्या दुपारी वर पोचल्यावर सरांनी विचित्र मागणी केली. माझा प्रोग्रॅम डावाच्या शेवटाकडून उलटं मोजत येतो आणि पटावर मोजकी मोहरी उरली असताना, मात व्हायला किती चाली लागतील ते अचूक सांगतो.

"त्याला जवळचा रस्ता विचारू नको," सर म्हणाले. "सर्वांत लांबचा विचार. हरायचं नाही, पण जिंकायचंही नाही."

मला त्यात शोधनिबंध दिसला. मी उत्साहाने प्रोग्रॅम बदलला. मग रोज जेवणाच्या सुट्टीत सर एकच डाव घेऊन येऊ लागले : त्यांच्याकडे राजा आणि हत्ती, समोर एकटा राजा. नवशिक्यानेही जिंकावा असा. पण आकडा चारवर आला की सर हत्ती मागे घेत आणि आकडा पुन्हा नऊवर जाई. मी आलेख काढत होते. समोरचा एकटा राजा कुणाचा, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

एके दिवशी त्यांचा फोन वाजला आणि गडबडीत स्पीकर चालू झाला. रत्नागिरीहून सरांच्या पत्नी, रुखसानाभाभी, बोलत होत्या.

"अहो, हत्ती नुसता फिरवताय. माहूत झोपला काय? हरवा बघू मला एकदाचं. राजाला पळवून पळवून दम लागला मला."

फोन ठेवल्यावर सर खाली बघत बोलले. भाभींच्या हृदयाची झडप बदलायची होती. मुंबईला न्या, उशीर करू नका, असं डॉक्टर सांगत होते. भाभींची अट एवढीच, की फोनवर चाललेला डाव आधी पुरा व्हायला हवा.

"आणि तुम्ही तो पुरा होऊ देत नाही."

"डॉक्टर म्हणतो, अशी ऑपरेशनं रोज होतात. होत असतील. मला त्यातलं एकच दिसतं बाय, बिघडलेलं."

बोलावं तरी भीती, गप्प राहावं तरी भीती.

"सर, आपण हत्ती मागेपुढे करतो, तेवढ्या वेळात समोरचा काय करतो?"

सर चष्मा काढून पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तो कुठे झोपतो," ते म्हणाले.

मग त्यांनी भाभींना फोन लावला. त्या दुपारी हत्ती मागे आला नाही. चार. तीन. दोन. आता सरांची एकच चाल आणि मात. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "थांबा. ही फोनवर नको. ऑपरेशन झाल्यावर समोर बसून खेळा. तोवर मी काही हरत नाही."

"पण तू तर अट घातली होतीस..."

"खलास ती अट. तुम्ही खेळलात, तेवढं पोचलं मला. तिकीट काढा आता."

दुसऱ्या दिवशी सर बॅग घेऊन निघाले. मी त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेले. दार उघडलं आणि सर सरळ आत शिरले. दार बंद होईपर्यंत ते बॅगेची मूठ घट्ट धरून माझ्याकडे बघत होते.

मी जागेवर परत आले आणि त्या डावाची नोंद पूर्ण केली. मात होण्यास उरलेल्या चाली : १.