माळी कशाला, मी आहे ना!

"माळी कशाला? मी आहे ना!" प्रकाशरावांनी छातीवर हात मारून मुनीरभाईंना सांगितलं होतं. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये भलीथोरली डिझेल इंजिनं धाकात ठेवणारा माणूस! गवत कापायच्या यंत्राचं एवढंसं इंजिन त्यांच्यापुढे काय चीज! मुनीरभाईंच्या फ्लॅटला अंगण नव्हतं, म्हणून त्यांच्या लेकीची, कशफची मेहंदी प्रकाशरावांच्या व्हिलातल्या लॉनवर ठरली होती. संध्याकाळी खोर फक्कानहून तिच्या सासरची मंडळी येणार होती, आणि गवत चांगलं घोट्याच्या वर गेलं होतं.

दुपारी प्रकाशरावांनी स्विच ऑन केला, दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन घुमलं! "बघितलंस?" असं बायकोला, छायाताईंना ऐकवून ते टोपी आणायला आत गेले. परत येतात तर इंजिन गप्प! खंडेनवमी होती. तेवढ्या वेळात छायाताईंनी यंत्राची पूजा उरकली होती. टाकीवर हळदकुंकू, हँडलवर टपोरा झेंडू. प्रकाशरावांनी नमस्कार करून दोरी ओढली. ढिम्म! पुन्हा ओढली. खांदा दुखायला लागला, पण इंजिन काही बोलेना.

"प्लग खराब असणार!" प्लग पुसला, मग बदलला. शेवटी तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि लेकीला, शुभ्राला ठिणगी बघायला सांगितलं.

"बाबा, देअर इज नो स्पार्क," ती म्हणाली. "जस्ट कॉल समवन!"

"कॉल कशाला? कॉइल तापलीय!" त्यांनी फ्रीझरमधली मटारची पिशवी आणून इंजिनावर ठेवली. मटार शिजायच्या बेताला आले, ठिणगी काही पडली नाही.

तेवढ्यात मुनीरभाईंचा फोन आला.

"प्रकाशभाई, झालं ना लॉन? आम्ही निघतोय, यल्ला!"

"झालंच! म्हणजे... अर्धं झालं!"

"मग एक फोटो टाका हबीबी. कशफच्या सासूबाईंना दाखवतो!"

प्रकाशरावांनी गवताकडे पाहिलं. त्यांना खरंच भीती वाटली. कशफला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. तिच्या सासरच्यांपुढे मुनीरभाईंची मान खाली गेली असती, तीही आपल्या फुशारकीपायी! त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री उचलली, उकिडवे बसून पाटाएवढं गवत कापलं आणि अगदी जवळून फोटो काढून पाठवला.

"माशाल्ला! कार्पेट आहे कार्पेट!" मुनीरभाईंचा लगेच निरोप आला.

आता माघार नव्हती. प्रकाशरावांनी वर्तमानपत्र पसरलं आणि इंजिन खोललं. कार्ब्युरेटर काढला, कॉइल काढली, जे जे निघतं ते सगळं काढलं. फक्त देवाचं म्हणून त्या झेंडूला हात लावला नाही.

चहा घेऊन आलेल्या छायाताई जागच्या जागी थांबल्या. "अहो, हे काय केलंत?"

"स्पार्क येत नाहीये!"

"येईल कसा? मी बंद केलाय ना!" त्यांनी झेंडू उचलला. खाली स्विच होता. ऑफ! "पूजा केलेलं हत्यार दिवस मावळेपर्यंत चालवायचं नसतं, आमच्या घरी तशी पद्धत आहे. म्हणून तर काल कापा म्हणत होते!"

"अगं, मग बंद केलास ते सांगायचं तरी!"

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, इंजिनातलं मला शिकवू नकोस!"

प्रकाशराव मटकन खाली बसले. मग ताडकन उठून त्यांनी इंजिन जोडायला घेतलं. स्क्रू जागेवर बसेनात. सगळं जोडून झालं तेव्हा वर्तमानपत्रावर एक स्प्रिंग उरली होती, आणि फाटकाशी गाड्या थांबल्या होत्या.

मुनीरभाई सासूबाईंना घेऊन रुबाबात आत आले आणि गवतात रुतून उभे राहिले.

"प्रकाशभाई, फोटोतलं लॉन कुठंय?"

प्रकाशरावांनी बोट दाखवलं. मुनीरभाईंनी त्या तुकड्याकडे पाहिलं, प्रकाशरावांच्या ग्रीसने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि गुमान नवरीची खुर्ची आणून त्यावर ठेवली. चारही पाय जेमतेम मावले.

"आणि बाकीचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"होईल," प्रकाशराव म्हणाले. "इन्शाल्ला!"

मुनीरभाईंचं आयुष्य आखातात गेलं होतं; 'इन्शाल्ला' म्हटलेलं काम किती होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ताबडतोब सतरंज्या मागवल्या.