निळ्या खड्यांचे कोठार

जे कोरडे दिसते ते कोरडे असतेच असे नाही, हे रसायनशास्त्राने फार पूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे. काही क्षार पोटात पाणी घेऊन बसतात आणि वरून ठणठणीत कोरडे दिसतात. शास्त्रज्ञ त्यांना हायड्रेट म्हणतात. (माणसांत अशांना मुरलेले म्हणतात.) त्यांतला कोबाल्टचा क्षार तेवढा भाबडा. पोटात पाणी शिरले की तो गुलाबी होतो, भाजून पाणी काढले की पुन्हा निळा. काहीच लपवता न येणाऱ्या या जिवाची जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सरकारी तांदूळ कोठारात नेमणूक झाली.

कोठार आपत्तीसाठी होते. किनाऱ्यावरच्या तांबाकसारी गावात दरवर्षी समुद्र घरात शिरे, तेव्हा चुली पेटायच्या त्या याच तांदळावर. कोठारप्रमुख कुस्नादीची आई त्याच गावात राहत होती. पूर्वी कुस्नादी पोत्यात हात घाली, तांदूळ नाकाशी धरी आणि ओल ओळखी. ही पद्धत अशास्त्रीय ठरून बंद झाली. चार कोपऱ्यांत खड्यांच्या चार बशा आल्या. निळे म्हणजे तांदूळ कोरडा, गुलाबी म्हणजे दमट, आणि रोज सकाळी रंग तक्त्यात भरून कळवायचा.

पावसाळ्यात छप्पर गळू लागले आणि तिसऱ्या दिवशी खडे गुलाबी झाले. कुस्नादीने प्रामाणिकपणे तसे कळवले, छपराचीही तक्रार जोडली. मुख्यालयातून तातडीने उत्तर आले, की खडे गुलाबी का झाले याचा खुलासा करावा आणि ते निळे होईपर्यंत रोज नवा खुलासा पाठवावा. छपराचा उल्लेख नव्हता. नऊ खुलासे झाल्यावर कुस्नादीने एक कढई आणली.

दहा मिनिटे मंद आच, की खडे निळेशार. पुढच्या अकरा महिन्यांत १,३३६ नोंदी गेल्या, सगळ्या निळ्या. कोठार जिल्ह्यात पहिले आले. पोती मोजणारी विनार्सिह हे सगळे पाहत होती. ती अजूनही चोरून पोत्यात हात घालायची.

"साहेब, खडे भाजण्यापेक्षा तांदूळ उन्हात घातला असता तर?" तिने एकदा विचारले.

"तांदळाला रकाना नाही, ताई," कुस्नादी म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. तक्त्यात खरोखरच नव्हता.

मग एका भरतीला समुद्र गावात शिरला. पोती मशिदीच्या उंच ओट्यावर उघडली, तेव्हा आतून हिरवे-काळे ढेकूळ निघाले आणि वासाने लोक मागे सरकले. कुस्नादीने घाईने बशी पुढे केली. त्याची आई सारिनेम, दोन दिवसांची उपाशी, ओंजळ पसरून पुढेच उभी होती. तिने बशीत डोकावून पाहिले.

"निळे आहेत म्हणतोस ना? मग तेच शिजवून वाढ, बाळा."

कुस्नादीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चौकशी समिती आली, तेव्हा कुणी काही विचारण्याआधीच त्याने सगळे कबूल केले. खडे मीच भाजायचो, म्हणाला. समितीच्या तिन्ही सदस्यांनी वह्या काढल्या. आच किती? किती मिनिटे? अहवालात लिहिले गेले, की खडे निर्दोष असून तांदूळ त्यांच्याशी सुसंगत वागला नाही. महिन्याभरात बासष्ट कोठारांना एकेक कढई मिळाली. (या कढईत टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळू नयेत, असे परिपत्रक निघाले, पण ते चौथ्या विषबाधेनंतर.) कुस्नादीला बढती देऊन कढई-प्रशिक्षणावर नेमले. आईने त्याच्याशी बोलणे सोडले, आणि त्याबद्दल त्याच्याकडे कुणी खुलासा मागितला नाही.

त्याला कुणी हसू नये. रक्त तपासण्याआधी चार दिवस साखर सोडायची आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून त्याच संध्याकाळी पावशेर जिलबी आणायची, असे करणाऱ्या वाचकांनी तर नाहीच नाही. कुस्नादीने निदान सरकारी तांदूळ सडवला.