सात रेडियनचा चढ

आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला देवनागरी वाचता येत नाही. मराठी अस्के, म्हणजे सगळेच, बोलतात, तीही अर्धी तमिळ मिसळून. पण अक्षरं माझ्यापर्यंत येऊन थांबली. तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही. खरं असं की, ते गणित कुणाला विचारायचं नाही, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं. बाकीचं आपोआप झालं.

गेल्या महिन्यात माझी आई मागच्या अंगणात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलं, तेही रोज चालत जाऊन. ऑपरेशन झालं, पण पुन्हा पायांवर उभी राहील का, यावर डॉक्टर नुसते मान हलवायचे. (आमच्याकडे मान हलवली की तिचा हो असाही अर्थ होतो आणि नाही असाही. डॉक्टरांना ते सोयीचं पडतं.) आई दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडून असायची. इडली आणली तर अर्धी खायची, रसम आणलं तर वास घेऊन परत करायची. घरी सोडायच्या चार दिवस आधी तिने मला जवळ बोलावलं.

"प्रद्युम्ना, एक ऐक. मला उचलून आत न्यायचं नाही."

"तीन तर पायऱ्या आहेत, आई. आम्ही चौघंजण धरू आणि—"

"चौघं उचलतात ते बाहेर न्यायला. तुझ्या अप्पांना नेलं ना, तसं. आत यायचं तर मी खुर्चीत बसून येईन. नाही तर इथेच बरी आहे."

मी बाहेर जाऊन नळाचं पाणी प्यालो.

चाकाची खुर्ची आधीच आणली होती. प्रश्न फक्त दाराचा. आमचं घर मेलवीथी या मोठ्या रस्त्याच्या मागच्या बोळात. रस्त्यापासून तिण्णैपर्यंत, म्हणजे ओट्यापर्यंत, तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. फिजिओथेरपीच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लोखंडी रॅम्प करून घ्या सार. मागून कुणी ढकलणार असेल तर सात डिग्रीपर्यंत चालेल. त्याहून जास्त चढ नको."

उंची एकवीस इंच, कोन सात. आता फळी किती लांब हवी? शाळेत असताना हे मला येत होतं, असं मला वाटत होतं.

"संध्याकाळी हरिणी कॉलेजातून येईल, तिला विचारा की," भारती म्हणाली. भारती म्हणजे माझी बायको. हरिणी आमची मुलगी, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला.

"सात डिग्रीचं गणित मुलीला विचारू?" मी म्हणालो. "माझ्या आईच्या रॅम्पचं?"

भारतीने हातातला डबा जरा जोरात टेबलावर ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात तिचं हे डबे ठेवणं मला नीट ऐकू यायला लागलं आहे. पण त्या दिवशी मी दुर्लक्ष केलं.

हरिणीचा कॅल्क्युलेटर टेबलावर होता. उंची भागिले साइन सात, हे मला आठवलं. (हे बरोबरच आठवलं होतं. संपूर्ण प्रकरणात मी बरोबर केलेली गोष्ट हीच.) पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसा R दिसत होता. R म्हणजे रेडी, असं मी समजलो. यंत्र तयार होतं, मीही तयार होतो. उत्तर आलं एकतीस पॉइंट नऊ सहा.

बत्तीस इंच! मला वाटलं होतं की रॅम्प रस्ताभर पसरेल, शेजारचे भांडायला येतील. हा तर टीपॉयएवढा. मी लगेच सतीशकुमारला फोन लावला. तो वेल्डर, ओरत्तनाडु रोडला त्याचं वर्कशॉप.

"उंची एकवीस इंच, लांबी बत्तीस."

"बत्तीस अडी, सार?"

"फूट नव्हे. इंच."

त्याने ग्राइंडर बंद केला. "सार, हे मुलांच्या घसरगुंडीचं माप झालं."

"कॅल्क्युलेटरवर केलंय, सतीशकुमार. सायंटिफिक कॅल्क्युलेटर."

"सायंटिफिक असेल तर मी काय बोलू?" तो म्हणाला.

आईला आणायचं त्याच दिवशी सकाळी साडेदहाला त्याने रॅम्प आणून टाकला. जाड पत्रा, दोन्ही बाजूंना कठडे, हिरवा रंग अजून ओला. मी तो पायऱ्यांवर टेकवला आणि थोडा मागे सरून पाहिला. मग आणखी थोडा मागे सरलो. रॅम्प आडवा कमी आणि उभा जास्त दिसत होता. तेवढ्यात आईची ऑटो बोळात शिरली. बरोबर भारती आणि हरिणी.

आई ऑटोतूनच रॅम्पकडे बघत राहिली. "यावरून?" तिने विचारलं.

"दिसतो तसा नाही, आई. हिशोबाने केलाय. थांब, दाखवतो."

मी स्वतः खुर्चीत बसलो. (चौऱ्याऐंशी किलो.) सतीशकुमार आणि समोरचे वेंकटराव मागून ढकलू लागले. पहिल्या फुटाला खुर्चीचं पायठाण पत्र्याला अडलं, पुढची चाकं वर उचलली गेली, आणि मी आभाळाकडे बघत हळूहळू मागे कलंडलो. वेंकटरावांनी मला झेललं असतं; पण त्यांचा हात ओल्या हिरव्या रंगावरून घसरला. मी आणि खुर्ची बोळ ओलांडून त्यांच्याच स्कूटरवर गेलो. लोक बाहेर आले. समोरच्या माडीवरून राजममामींनी विचारलं, "आजीबाई पडल्या का पुन्हा?"

"आजीबाई नाही," भारती खालून म्हणाली. "हे पडले."

हरिणीने इंचपट्टी मागितली. रॅम्प मोजला, मग मला विचारलं, "अप्पा, हे कशावर काढलंत?"

"तुझ्या कॅल्क्युलेटरवर."

"तो रेडियनवर होता! कॅल्क्युलससाठी मी तसाच ठेवते." तिने कपाळाला हात लावला. "तुम्ही सात डिग्री नाही, सात रेडियन काढलेत."

"रेडियन म्हणजे काय?" हे आईने विचारलं. मधल्या वेळात तिला ऑटोतून उतरवून खुर्चीत बसवलं होतं. ऊन चढत होतं आणि सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती. बहुधा त्या नजरा चुकवायलाच तिने विचारलं असेल.

हरिणी खाली बसली. तिने सुतळीचा एक तुकडा खुर्चीच्या मोठ्या चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत ताणला आणि तिथे तोडला. "ही झाली त्रिज्या, आजी. बारा इंच. आता हीच सुतळी चाकाच्या कडेवर वाकवून ठेवायची." ती कडेला चिकटवून तिने दोन्ही टोकांपासून मध्याकडे बोटं फिरवली. "कडेवर त्रिज्येएवढी लांबी घेतली की मध्याशी जो कोन होतो, तो एक रेडियन. साधारण सत्तावन्न डिग्री. अर्ध्या चाकात अशा तीन सुतळ्या आणि वर थोडी, म्हणजे गणितातला पाय, तीन पॉइंट एक चार. म्हणून एकशे ऐंशी डिग्री म्हणजे पाय रेडियन. डिग्रीचं रेडियन करायचं तर पायने गुणून एकशे ऐंशीने भागायचं. उलट करायचं तर उलट."

"म्हणजे वीत आणि फुटासारखं," आई म्हणाली. "कापड तेच, माप वेगळं."

"तस्संच!"

"मग सात डिग्रीचे किती?"

"शून्य पॉइंट एक दोन रेडियन. एवढुस्सा." हरिणीने सुतळीचं अगदी टोक चिमटीत धरलं. "आणि अप्पांचे सात रेडियन म्हणजे चारशे एक डिग्री. एक पूर्ण फेरी मारून वर एक्केचाळीस." तिने रॅम्पकडे पाहिलं. "हा बरोबर एक्केचाळीसचाच आहे. अचूक."

"आणि लांबी किती हवी होती?" मी खालून विचारलं.

"चौदा फूट चार इंच."

सतीशकुमार रंगाचे हात पुसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

नवा रॅम्प व्हायला चार दिवस लागणार होते. आईला परत दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर तिचा पलंग एव्हाना दुसऱ्याला दिला होता. ऊन तिच्या पायांवर आलं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"आई, आता दुसरा उपाय नाही."

तिने मान हलवली. या वेळी अर्थ कळायला काही अडचण नव्हती: नाही. तरीही वेंकटराव, सतीशकुमार, ऑटोवाला आणि मी, असे चौघं झालो. आईने पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. तीन पायऱ्या. ती इतकी हलकी झाली होती की मला एकदम भीती वाटली. आत पलंगावर ठेवलं, तरी तिने पदर काढला नाही. मी "आई" म्हणालो. ती भिंतीकडे वळली.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी कॉफी नेली की भारतीच्या हातून घ्यायची. संध्याकाळी हरिणी तिच्याजवळ कागद घेऊन बसायची. एवढा लांब रॅम्प सरळ टाकला तर समोरच्यांच्या दारात जातो, म्हणून तिण्णैच्या बाजूने वळवून, मधे एक सपाट टप्पा ठेवून तो कसा बसवायचा, ते दोघींनी मिळून काढलं. टप्पा किती रुंद हवा ते आईने सांगितलं, वितीने मोजून. मी दाराआडून ऐकायचो. आत जायचं धैर्य नव्हतं.

पाचव्या दिवशी रॅम्प बसला. हरिणीने खुर्ची ढकलली आणि आई, कुणाचा हात अंगाला न लागता, दारातून रस्त्यावर उतरली. मग पुन्हा वर गेली. मग पुन्हा खाली उतरली. राजममामी माडीवरून बघत होत्या, तर आईने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा तिने मान वर केली, ती तेव्हा.

फिजिओथेरपीच्या बाई त्याच वेळी आल्या. त्यांनी मोबाइल रॅम्पवर ठेवून कोन तपासला. "करेक्ट सात! कुणी काढलं?"

सगळ्यांनी हरिणीकडे बोट दाखवलं. मीही दाखवलं.

"आणि सार, आपण कुठे नोकरीला?" बाईंनी सहज, सभ्यपणे मला विचारलं.

मी घसा खाकरला. पण माझ्या आधी आई बोलली. चार दिवसांनंतर माझ्याबद्दलचं तिचं ते पहिलं वाक्य, म्हणून मी ते अक्षरशः इथे देतो.

"सर्व्हे ऑफिसात," आई म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली. तालुक्याच्या अस्क्या जमिनी हाच मोजतो."